पेटीची हाक

या, असे जवळ येऊन बसा. त्या खांबाला टेकू नका, समईच्या तेलाचा डाग लागेल. आज एक आख्यान सांगते. यात देव प्रकट होत नाही, कुणाला शाप नाही, वर नाही. आमच्या देवळाच्या सभामंडपात, सकाळी साडेदहाच्या उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. फक्त गावाचं नाव विचारू नका. खाडीच्या काठी आहे आणि देऊळ केशवाचं आहे, एवढं पुरे. माणसांची नावंही मी बदलली आहेत, माझंसुद्धा. मला कुमुद म्हणा. एकच नाव खरं ठेवलंय. कुणाचं, ते शेवटी सांगेन.

कार्तिकातला उत्सव होता. तिसऱ्या दिवशी दुपारी, कीर्तनाआधी, मी सतरंज्या अंथरत होते. शारदा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तो फोन कुठवर बघतो?"

फोन म्हणजे मोहन खातूंचा. खातू एसटीतून निवृत्त झालेले, उत्सव कमिटीचे सेक्रेटरी. त्या वर्षापासून त्यांनी कीर्तन इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली होती. स्टँडवर फोन लावायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि दर पाच मिनिटांनी किती जण बघतायत ते बोटांवर आम्हाला दाखवायचं. मी शारदेला म्हटलं की पुढच्या दोन रांगा दिसतात. ती मुलीला घेऊन मागच्या खांबाआड जाऊन बसली. मला वाटलं, लाजते.

शारदा आठ महिन्यांपूर्वी गावात आली होती. माझ्या मागच्या पडवीतल्या दोन खोल्या तिला भाड्याने दिल्या होत्या. ब्लाउज शिवायची. सहा वर्षांची मुलगी होती, तिला शाळेत घालायला मीच बरोबर गेले होते, कारण त्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलंय. शारदेकडे फोन नव्हता. कुणी विचारलं तर परवडत नाही म्हणायची. पण कीर्तनाला रोज. तहानलेलं माणूस ओंजळीने पाणी पितं ना, तशी ती ऐकायची.

कीर्तन माधवबुवा आगवेकरांचं. सत्तरी ओलांडलेली, पण उपरणं सावरून, चिपळ्या हातात घेऊन उभे राहिले की सभामंडप भरून जायचा. माझे गुरूच ते. वीस वर्षं मी त्यांच्या पायांशी बसून ऐकत आले. आयुष्यात ज्याला नाही म्हणता येणार नाही असा एकच आवाज मला होता, आणि तो बुवांचा.

पेटीवर सखारामकाका. सखाराम गुरव. वय शहात्तर. बापजाद्यांपासून देवळाचा नगारा आणि सनई त्यांच्या घरात. काकांनी पेटी धरली आणि चाळीस वर्षं बुवांच्या उजव्या हाताला बसले. त्या दोघांची एक खूण होती. बुवा आख्यानात रंगून लांब निघून गेले, वेळेचं भान सुटलं, की काका ध्रुवपदाची अर्धी ओळ वाजवून थांबायचे. उरलेली अर्धी बुवा गायचे. वाक्य तोंडात अर्धं असलं तरी सोडून गायचे. एकदा बुवा तापाने फणफणून माझ्या माजघरात पडले होते. काका अंगणात नुसतीच पेटी पुसत बसलेले. हात गेला म्हणून अर्धी ओळ वाजवली, तर आतून, पांघरुणाखालून, उरलेली अर्धी आली. आम्ही बायका हसलो होतो तेव्हा.

पण आता काकांना ऐकू कमी येत होतं. खातूंनी विचारावं, काका चहा घेणार का, तर काकांनी सांगावं, काळी दोनच, बुवांची कायमची काळी दोन. पेटीच्या त्या काळ्या पट्टीवर बुवांचा षड्ज. मग सगळे हसायचे. काकाही हसायचे, कशाला ते न कळता. मागल्या वर्षी भर आख्यानात त्यांनी नको तिथे ध्रुवपद धरलं होतं, म्हणून कमिटीत ठरलं, हे काकांचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी शहरातून तरुण वादक आणायचा. शेवटच्या दिवशी काकांना शालश्रीफळ देऊन निरोप द्यायचा. ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी होते.

खातूंनी त्या वर्षी सभासदांची यादीही केली होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, आधारचा नंबर, सगळं लिहून ग्रुपवर टाकलेलं, का तर वाढदिवसाला शुभेच्छा देता येतात. काका तेवढे यादीत नव्हते. खातूंनी तीनदा विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं नाव केशवाला ठाऊक आहे. आणिक कुणाला कशाला हवं?"

"काकांना प्रश्नच ऐकू आला नाही," खातू म्हणाले, आणि पुन्हा हशा.

चौथ्या दिवशी शारदेने हार करून आणला. अबोली आणि तुळस, मध्ये एकेक पांढरी शेवंती. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, बुवांना माझ्याकडून. मला भरून आलं. तुम्ही कीर्तन ऐकणारे आहात, तुम्हाला रीत माहीत आहे. पूर्वरंग संपतो, बुवा थांबतात, त्यांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि ज्याचा हार त्याचं नाव सभेत घेतात. नाव घ्यायचं ते पूर्ण. देवासमोर अर्धं नाव घ्यायचं नाही.

मी माइक हातात घेतला. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर मी शारदेचं पूर्ण नाव वाचलं होतं, तिच्या नवऱ्याच्या नावासकट. तेच मी घेतलं. आपल्या गावची नवी लेक आहे म्हणाले, छोट्या मुलीसह रोज कीर्तनाला येते म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या.

टाळ्या वाजल्या. बुवांनी हार डोळ्यांना लावला. मी हसून खांबाकडे पाहिलं. शारदा उठली होती. तिने मुलीचं मनगट धरलं आणि बाजूच्या दाराने, चपला न घालता, ती निघून गेली.

संध्याकाळी दिवा लावून मी मागच्या पडवीत गेले तर ती कपडे पिशवीत भरत होती. शिवायला आलेले ब्लाउज घडी घालून एकीकडे ठेवलेले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी टाचलेली. मी विचारलं, माझं काय चुकलं? तिने मुलीचा आणखी एक फ्रॉक पिशवीत कोंबला. मग म्हणाली, "ताई, तो रोज माझं नाव टाकून शोधतो."

तिने जे सांगितलं ते थोडक्यात सांगते. घरून निघाली तेव्हा पहिल्यांदा त्याने तिला फोनवरून शोधलं. फोन त्यानेच घेऊन दिलेला, आत काहीतरी बसवलेलं, ती कुठे जाते ते त्याला घरबसल्या दिसायचं. दुसऱ्यांदा फोन टाकून दिला, तर मागवलेल्या एका पार्सलवरच्या नावावरून तो दारात आला. तो जाहिरातींचे आवाज बनवणाऱ्या स्टुडिओत काम करायचा. हुशार होता. तिने बाही वर केली आणि मला दंड दाखवला. ते मी सांगणार नाही.

मी म्हटलं, इथे तो आला तर अख्खं गाव उभं राहील. शिव्या द्यायला लागला तर लोक ऐकतील.

"तो शिव्या देत नाही, ताई," ती म्हणाली. "गोड बोलतो. दार उघडेपर्यंत."

मी तशीच खातूंकडे गेले. त्यांनी ते कीर्तन इंटरनेटवरून त्याच मिनिटाला काढलं. पण साडेतीनशे लोकांनी ते पाहिलेलं होतं, आणि बोललेलं सगळं तिथे खाली आपोआप लिहूनही येत होतं, नावासकट. एक दिलासा होता. कीर्तन बुवांच्या नावावर दाखवलं होतं, त्यात गावाचं नाव कुठे नव्हतं, आणि कार्तिकात बुवा आठ गावं फिरतात. पण खाली पट्टी होती, प्रसादासाठी संपर्क, आणि तिथे माझं नाव आणि माझा नंबर. ते आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी केशवापुढे हात जोडले आणि म्हटलं, निभावलंस. शारदेला मी उत्सव संपेपर्यंत थांबवलं. तिची पिशवी मात्र भरलेलीच राहिली, दाराशी.

पाचव्या दिवशी बुवांची सेवा संपली. सहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने ते पुढच्या गावी गेले.

सातव्या दिवशी पालखी. सकाळी सभामंडपात आम्ही तिघंच होतो. मी आणि शारदा पालखीच्या माळा ओवत होतो. मुलगी शाळेत गेलेली. पलीकडे सखारामकाका पेटी उघडून बसले होते. खाडीचा दमट वारा पेटीला सोसत नाही. त्यांची काळी दोन अडकत होती. पट्टी काढायची, फुंकर घालायची, पुन्हा बसवायची, भाता मारायचा आणि दाबून धरायची. तो एकच सूर घोंगावत होता, आणि आम्हाला त्याची सवय होऊन तो ऐकू येईनासा झाला होता.

माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. हात ओल्या दोऱ्यात अडकलेले, म्हणून मी कोपराने फोन घेतला आणि आवाज मोठा करून सतरंजीवरच राहू दिला.

"जय जय रामकृष्ण हरी. कुमुदताई, माधव बोलतोय."

मी बसल्याजागी पदर सारखा केला. बुवांचा आवाज. तीच गोडी, नाव घेताना शेवटचं अक्षर किंचित लांबवायची तीच लकब. म्हणाले, माझा फोन बिघडलाय, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. आमच्या गावाचं, श्रोत्यांचं कौतुक केलं. माझ्या निवेदनाचं केलं. मग म्हणाले, "त्या लेकीच्या हाराचा वास अजून माझ्या उपरण्याला आहे. तिला एक शाल पाठवतो, मुलीला खाऊ पाठवतो. कुरियरवाला दारात उभा आहे. तिचा पूर्ण पत्ता सांगा बरं, पिनकोडसकट."

खरं सांगते, माझ्या मनात शंकेचा कणसुद्धा आला नाही. तरी तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल कुणाला काही सांगणार नाही, असं शारदेला कबूल केलं होतं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. ज्या बाईने पोस्टमनलासुद्धा आपलं नाव सांगितलं नव्हतं, ती मान हलवून म्हणाली, "सांगा, ताई. बुवांना सांगा."

"घ्या लिहून," मी म्हटलं. "मुक्काम पोस्ट..."

"अगो कुमुद," काका मागून ओरडले, बहिरी माणसं बोलतात तसे. "बुवा परत आले काय?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि फोनकडे बोट दाखवलं.

"मग कीर्तन कुठं चाललंय?"

मला राग आला. मी त्यांच्याकडे तोंड करून ओरडून सांगितलं, कीर्तन नाही, काका, बुवा फोनवर साधं बोलतायत. काकांनी मान तिरकी केली. भाता हळू केला. बोट मात्र काळ्या दोनवरून काढलं नाही.

"साधं नाही," ते म्हणाले.

फोनमधून आवाज आला, "ऐकू येतंय ना, ताई? मुक्काम पोस्ट काय म्हणालात?"

काकांचं बोट पट्टीवर होतं, सूर लागलेला होता, आणि बुवांचं वाक्य येऊन बरोबर त्या सुरावर टेकलं. मी ते ऐकलं, पण मला त्यातून काही कळलं नाही. वाटलं, म्हातारा पार गेला. मी फोनला एक मिनिट म्हटलं. तोवर काकांनी पेटी सतरंजीवरून सरकवत सरकवत माझ्यापाशी आणली, फोनच्या अगदी तोंडाशी. गुडघे दुखतात त्यांचे, तरी. मग भाता मारला आणि ध्रुवपदाची अर्धी ओळ वाजवून ते थांबले.

फोनमध्ये काही नाही.

पेटीचा सूर विरला. वर कबुतरं चालल्याचा आवाज आला. शारदेच्या हातातली सुई होती तिथेच राहिली. आणि फोनमधली ती शांतता, कशी सांगू तुम्हाला, बंद दाराच्या पलीकडे कुणी श्वास रोखून उभं असावं तशी होती.

"ताई, मागे कसला आवाज होतोय?" बुवा म्हणाले. तीच गोडी. तोच सूर, एका केसाने खाली नाही की वर नाही. "पत्ता सांगताय ना?"

काकांनी पुन्हा वाजवलं. तीच अर्धी ओळ. या वेळी जरा सावकाश, झोपलेल्याला हलवून उठवावं तसं.

"ताई, कुरियरवाला थांबलाय."

काकांनी आपला पंजा फोनवर ठेवला. वाऱ्यापासून निरांजन झाकतात तसा. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं. "हे बुवा नव्हेत."

मी फोन कसा बंद केला ते मला आठवत नाही. शारदा उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली होती, दोन्ही तळवे मागे भिंतीला टेकवून. ती म्हणाली, "तोच आहे." मग एवढंच म्हणाली, "मी हो म्हटलं होतं, ताई. मीच हो म्हटलं."

माझी जुनी डायरी पिशवीत होती. तिच्यातून बुवांचा नंबर बघून एकेक आकडा दाबला. फोनमध्ये ठेवलेल्या कशावरही त्या घटकेला माझा विश्वास उरला नव्हता. सात वेळा वाजला. मग कुणीतरी खाकरलं, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा जाड, घोगरा, खालचा आवाज आला. "हं. बोला, ताई. आत्ताच जरा आडवा झालो होतो."

मी विचारलं, बुवा, तुम्ही आत्ता मला फोन केला होता का? नाही म्हणाले. शाल? कसली शाल? शारदेलाही ऐकू यावं म्हणून मी आवाज मोठा करून फोन खाली ठेवला. काकांना यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांना फक्त फोन पुन्हा सतरंजीवर ठेवलेला दिसला. त्यांनी भाता ओढला आणि अर्धी ओळ वाजवली.

आणि त्या फोनमधून, खर्जात, कफाने भरलेल्या गळ्यातून, कोण वाजवतंय, का वाजवतंय हे काही न विचारता, उरलेली अर्धी ओळ आली.

मी माळ खाली ठेवली. वीस वर्षं कीर्तनात ऐकलं होतं की खूण पटते. कशी पटते ते त्या दिवशी पाहिलं. अंगावर शहारा आला तो पुष्कळ वेळ गेला नाही. समोर उघडी पेटी, पेटीमागे सदऱ्याला एक बटण नसलेला एक म्हातारा, आणि मला गाभाऱ्याकडे बघायचं की त्याच्याकडे हे कळेना.

नंतर मी काकांच्या कानाशी तोंड नेऊन शाल, पत्ता सगळं ओरडून सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते मला म्हणाले, जशी लहान मुलीची समजूत घालावी तसे, "बुवा घरात खर्जात बोलतात. तू ऐकलंस की आत्ता. काळी दोन त्यांना पेटी मागे असली की लागते, उभं राहिल्याशिवाय लागत नाही. हा माणूस बसल्या जागी दोनात बोलत होता. शाल म्हणाला तरी दोनात, पत्ता म्हणाला तरी दोनात. ज्याने कुणी हा आवाज केलाय, त्याने बुवांना कीर्तनातच ऐकलंय. घरात नाही."

मी म्हटलं, पण काका, तुम्हाला तर शब्द ऐकू आले नसतील. शाल, पत्ता हे तुम्हाला कसं कळलं?

"ते आत्ता तूच सांगितलंस," काका म्हणाले. मग पेटीची अडकणारी पट्टी पुन्हा बाहेर काढून सदऱ्याला पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "तोंडासमोर ओरडल्याशिवाय शब्द मला दोन वर्षं झाली, ऐकू येत नाहीत गो. कुणाचेच नाही. बुवांचेही नाही. ओठ हलताना दिसतात आणि सूर येतो. त्याच्यावर वाजवतो. कोणाला बोलू नको, कमिटीवाले काढतील मला."

नाही सांगणार, म्हणून मी मान हलवली.

जरा वेळाने काका आपणहून म्हणाले, "शब्द ऐकू आले असते, तर मीपण सांगितला असता पत्ता."

पुढचं लवकर सांगते. आम्ही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या बाईंनी दोन तास बसून सगळं लिहून घेतलं, फोनचा नंबर घेतला, खातूंकडून ते काढून टाकलेलं कीर्तन मागून घेतलं. आवाज असा बनवता येतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी सांगितलं, ओळखीचा आवाज असला तरी फोन ठेवायचा, आपल्याकडच्या नंबरवर आपण फिरवायचा, मगच बोलायचं. नवऱ्याला पोलिसांनी बोलावलं, गुन्हा नोंदवला. तो आमच्या गावात आला नाही. तरी शारदा गेली. पोलिसांतल्या त्या बाईंनीच सोय केली. निघताना ती मला गाव सांगायला लागली, तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, मला सांगू नकोस. मला गोड आवाजाला नाही म्हणता येत नाही.

खातूंनी ती यादी ग्रुपवरून काढली. मग एकेकाच्या घरी जाऊन, हात जोडून, प्रत्येकाला फोनमधून काढून टाकायला लावली. साठ घरं. खालच्या पट्टीवरचा माझा नंबरही गेला. नाव घेण्याची रीत आम्ही मोडली नाही. पण आता नाव माइकवर घेत नाही. बुवा हार घालून घेताना मान वाकवतात, तेव्हा त्यांच्या कानात सांगतो. बुवा म्हणाले, केशवाला तेवढं ऐकू येतं.

त्या दिवशी संध्याकाळी पालखीआधी शालश्रीफळाचा कार्यक्रम होता. खातूंच्या खिशात निरोपाचं भाषण होतं, मला माहीत होतं, कारण ते मीच लिहून दिलं होतं. खातू माइकपाशी गेले, कागद काढला, बघितला, घडी घालून परत खिशात ठेवला. मग त्यांनी काकांच्या खांद्यावर शाल घातली आणि सभेसमोर त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काकांना वाटलं, खातूंना चक्कर आली. ते पाणी आणा म्हणाले. कोणी हसलं नाही. शाल चाचपून बघून काका म्हणाले, "ही चांगली आहे. पुढल्या वर्षी शाल नको, पेटीचे सूर बदलून द्या."

आम्ही बदलून दिले. काका पुढे चार उत्सव वाजवत होते. शेवटच्या वर्षी बुवांचाही आवाज बसत चालला होता, तेव्हा काकांनी कुणाला न विचारता पेटी अर्ध्या सुराने खाली आणली, आणि बुवांना तीन दिवसांनी कळलं. त्यानंतरच्या श्रावणात काका गेले. झोपेत गेले. बुवा खाटेला खिळलेले, त्यांना फोनवर सांगितलं. मग ती अर्धी ओळ आली, पेटीची. बुवांनी ती गायली आणि थांबले.

आता सांगते ते कुणाचं नाव खरं आहे. शारदा हे शारदेचं नाव नाही. तिचं गाव मी सांगितलं नाही, तिच्या मुलीचं नाव सांगितलं नाही, आणि ती आठ महिने होती की आठ वर्षं, अबोली गुंफली होती की आणखी काही, तेही खरं धरू नका. तुम्ही इथून उठाल तेव्हा तिला विसरून जा. तिच्यावर तेवढे उपकार करा.

पण सखाराम गुरव हे नाव खरं आहे. हवं तर शोधून बघा तुमच्या त्या फोनवर, मिळणार नाहीत. त्यांचा फोटो नाही, नंबर नव्हता, जन्मतारीख त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती. खातूंचा फोन बुवांकडे तोंड करून असायचा, त्यात काका कधी आलेच नाहीत. बुवांचं एखादं जुनं कीर्तन ऐकायला मिळालं, तर आवाजाच्या मागे एक सूर सतत लागलेला असतो, आपल्याला सवय होऊन तो ऐकू येईनासा होतो. ते काका.

आता त्यांना ठेवायला दुसरी जागा नाही. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. सखाराम गुरव, पेटीवर. एवढं लक्षात असू द्या.